मधली सहा वर्षं

“म्हणजे मी प्रकल्प?” सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

सुनेने घाईघाईने लॅपटॉप आपल्याकडे वळवला, पण त्यांचं वाचून झालं होतं. ‘कौटुंबिक आरोग्य प्रकल्पाचे सर्वांगीण व्यवस्थापन, सहा वर्षे.’

“वन्संनी सांगितलंय असं लिहायला.”

नणंद एका मोठ्या कंपनीत नोकरभरतीचं काम बघायची. माणसं शोधणारे आधी नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल बघतात, मधे रिकामी वर्षं दिसली की पुढे सरकतात, असं तिने सकाळीच फोनवर बजावलं होतं. काहीतरी भारदस्त लिही म्हणाली होती.

“माझी लेक लहानपणापासूनच राईचा पर्वत करते,” सासूबाई म्हणाल्या. “वरचं वाच.”

वर एकच ओळ होती. गोळ्यांच्या कारखान्यात तपासनीस, अकरा वर्षं.

“आणि पाकिटांवरची ती चुकीची तारीख? चाळीस हजार पाकिटं बाहेर पडायच्या बेतात होती, तू मशीन बंद केलंस. साहेब आधी ओरडला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली. ते कुठंय?”

“त्यात काय मोठंसं आई? कामच होतं ते.”

“मग कामच लिही की. आणि हा फोटो बदल. तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, बाकीचा माणूस कुठे गेला?”

सून हसत सुटली. साहेबाचा किस्सा तिने चार ओळींत लिहिला. मधल्या सहा वर्षांपाशी मात्र तिची बोटं अडली.

“खरं लिहिलं तर कोण बोलावणार मला?”

“आणि खोटं वाचून बोलावलं, तर तिथे काय सांगशील?”

बराच वेळ विचार करून तिने लिहिलं, ‘सहा वर्षं घरी होते. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. त्यांना पुन्हा बोलायला, चालायला शिकवलं. आता मला कामावर परत यायचं आहे.’

सासूबाईंनी ते दोनदा वाचलं. “शिकवलंच्या आधी ‘न चिडता’ घाल.”

“चिडायचे की मी!”

“बरं, मग ‘फारसं न चिडता’ घाल.”

संध्याकाळी नणंदेने नुसतं कपाळावर हात मारलेलं चित्र पाठवलं.

त्यानंतर रोज दुपारी जेवणं झाली की दोघी लॅपटॉप उघडून बसायच्या.

“आज कोण डोकावलं?”

“दोघं जण. त्यातला एक विमा विकणारा.”

एक आठवडा असाच गेला. सून बोलून दाखवत नव्हती, पण लॅपटॉप उघडायला जरा उशीर करू लागली होती. नवव्या दिवशी, ती कपडे वाळत घालत असताना फोन वाजला. औषधांच्या एका कंपनीतली बाई बोलत होती. ओल्या हातांमुळे सुनेने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

“मशीन बंद केलंत तेव्हा भीती नाही वाटली?” बाईंनी विचारलं.

“वाटली. पण गोळी कोणाच्या तरी घरी जाणार होती.”

मग त्या बाई मोकळेपणाने म्हणाल्या, “अशीच माणसं शोधतेय मी. आणि ते ‘फारसं न चिडता’ वाचून आमचं अख्खं ऑफिस हसलं. सोमवारी भेटायला याल? फक्त एक आहे, शिफ्ट सकाळी सातला सुरू होते. घरचं कसं जमवाल?”

सून गडबडली. हा प्रश्न तिने स्वतःलाही विचारला नव्हता. तिने तोंड उघडलं, पण त्याआधीच सासूबाई फोनवर वाकल्या होत्या.

“घरी मी आहे,” त्या म्हणाल्या.

फोन बंद झाला. सून पिळलेला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली. सासूबाई टेबलाची कड धरून उठल्या, एक एक पाऊल टाकत स्वयंपाकघरात गेल्या आणि शेगडीसमोर जाऊन थांबल्या.

“इकडे ये गं,” त्यांनी हाक मारली. “ही तुझी नवी शेगडी कुठलं बटण फिरवलं की पेटते?”