अक्काचा डोळा

गेल्या हंगामात धरणगावच्या जिनिंगमध्ये नवलने लोडर मागे घेतला आणि कापूस गोळा करणारी झुंबरअक्का चाकाखाली गेली. त्याला ती दिसलीच नव्हती. मग मालकाने लोडरच्या पाठीला कॅमेरा लावला आणि नवलसमोर केबिनमध्ये त्याचा पडदा बसवला. बाया त्याला ‘अक्काचा डोळा’ म्हणू लागल्या.

खंडेनवमीला लोडरची पूजा झाली. अक्काच्या लेकीने, दिपमालाने, कॅमेऱ्याला झेंडूचा जाडजूड हार घातला आणि तिथेच डोळे मिटून सगळ्यांसाठी हात जोडले.

“माय वं, बठ्ठासवर ध्यान ठेव.”

“नवलभाऊ, चाकाखाली लिंबू ठेवलंय, फोडा आता!” पुढून कोणीतरी ओरडलं.

समोर कापसाचा ढीग होता, म्हणून नवलने रिव्हर्स टाकला. लोडर हलला, तसं त्याने सवयीने पडद्याकडे पाहिलं.


पडद्यावर नुसता झेंडू दिसत होता.