अर्धं वाक्य

अर्शिया चार दिवस क्लासला आली नाही म्हणून जीवशास्त्राचे भुजंग सर तिच्या खोलीवर गेले. लातूरच्या ट्यूशन एरियात डेंगूची साथ होती, पण कंधारची ही पोर दवाखान्याची पायरी चढली नव्हती. “सर, तुमचाच काढा पिऊन राहिले. ताप उतरला बगा!” उशाशी मोसंबीच्या सालींचं पातेलं होतं आणि उघड्या वहीत सरांचं वाक्य, दोनदा अधोरेखित: ‘मोसंबीच्या सालीतलं द्रव्य विषाणूला रोखतं.’ ‘पण फक्त प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत’ हे सांगायच्या आत तास संपला होता. सरांनी तिचा गारठलेला हात धरला. मनगटावर लाल ठिपके होते. डेंगूत खरा धोका ताप उतरल्यावरच असतो. “रिक्षा आण!” ते दारातल्या मैत्रिणीवर ओरडले. ती वळता वळता म्हणाली, “सर, पलीकडच्या खोलीत बी तिघींना ताप हाय. तुमचं वाक्य आख्ख्या बॅचनं लिहून घेतलंय.”