दाब काढल्यावर

सुगतचे हात थरथरायचे, म्हणून त्याच्या क्रिस्टलला केसाएवढ्या तारा लॅबमधल्या शर्मिष्ठानेच जोडून दिल्या. एरवी वीज अडवणारा तो क्रिस्टल दोन हिऱ्यांमध्ये दाबला, आणि वीज वाहू लागली! सुगतने लॅबभर मिठाई वाटली. पीएचडीच्या व्हायवासाठी अकोल्याहून आलेल्या आईला चारबाग स्टेशनवरून थेट हॉलमध्ये आणलं.

प्रश्नांच्या वेळी शर्मिष्ठा उठली. "दाब काढल्यावर वीज थांबली?"

"नाही. वाहतच राहिली."

"दाब काढल्यावर ती पुन्हा अडायला हवी होती. म्हणजे क्रिस्टल बदललाच नाही. आत तारा एकमेकींना टेकल्यात, वीज त्यांच्यातूनच वाहतेय."

परीक्षक सरांनी फाइल मिटली. टाळ्यांसाठी उचललेले आईचे हात तसेच राहिले.

बाहेर सुगतने विचारलं, "तुला कधी कळलं, यार?"

"तू पहिल्यांदा दाब दिलास, तेव्हाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू नीट केलं असतंस ना."