आधी किंचित आवळा

“उजेड जरा इकडे धरा, मिस्त्री,” गाडीखालून म्हाताऱ्याचा आवाज आला.

मिस्त्रीने बॅटरी सरकवली आणि “हो काका” म्हटलं. सकाळपासूनचा हा अकरावा ‘हो’.

ताकीदच तशी होती. म्हाताऱ्याच्या धाकट्या लेकीने त्याला कोपऱ्यावर गाठून बजावलं होतं, “तू गॅरेजवाला असशील तुझ्या घरी. बाबांना शिकवलेलं चालत नाही. ते काहीही करोत, तू मान डोलवायची. दोन्ही भावजींनी तेवढंच केलं, म्हणून लग्नं झाली. आज बाबा नाही म्हणाले तर विषय संपला.”

आणि म्हाताऱ्याने मुलगा बघायला बोलावला तो बैठकीत नव्हे, थेट गाडीखाली.

मिस्त्रीने सवयीने नजर फिरवली. गाडी जुनी, पण पाइप पुसलेले, नट ग्रीस लावून चकचकीत. पुढच्या चाकामागचा ब्रेकचा एक बोल्ट तेवढा गंजून फुगलेला, भरल्या घरात एखादी आत्या रुसून बसावी तसा. शेडच्या खिडकीत बोल्टची दोन तुटकी डोकी पदकांसारखी मांडली होती. शेजारी गढूळ पाण्याची बरणी, काठावर पांढरा थर.

म्हाताऱ्याने पाना लावला. एक नंबर मोठा. तो बोल्टवर खुळखुळ वाजला.

“बरोबर बसलाय ना?”

“हो… काका.” मिस्त्रीची दाढ ठणकल्यासारखी झाली.

“तेलबिल लावायची थेरं आपल्याला जमत नाहीत. मनगटात जोर हवा. काय?”

“हो काका.”

म्हाताऱ्याने पान्याच्या दांड्यात हातभर लांब पाइप अडकवला, दोन्ही पाय भिंतीला रोवले आणि अंगाचा सगळा भार टाकला. बोल्ट बारीकसा कुरकुरला. ही कुरकुर मिस्त्रीच्या ओळखीची होती. आटे सुटत नव्हते, बोल्टची मान पिळली जात होती.

दारात धाकटी चहाचे कप घेऊन उभी होती. तिचे डोळे मोठे झाले. गप्प बस, एवढंच ते सांगत होते.

“पुन्हा एक हिसका देतो,” म्हातारा म्हणाला.

“थांबा!”

मिस्त्रीने पाइपवर हात ठेवला.

“सोडा तो पाइप, काका. डोकं तुटेल. पाना मोठा आहे, वर सुकाच पिळताय. आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा.”

“सोडवायचाय तर आवळू कशाला?”

“गंजाची पकड मोडते.”

“मला शिकवता?”

“हो काका.” तोंडातून निघून गेलं.

धाकटीने कप खाली ठेवले आणि कपाळाला हात लावला. म्हातारा सरपटत बाहेर आला आणि बाजूला झाला.

जे व्हायचं ते होऊन चुकलं होतं. आता निदान बोल्ट तरी वाचावा, म्हणून मिस्त्री खाली शिरला. तेल सोडलं. चहावर साय धरेपर्यंत थांबला. हातोडीने डोक्यावर हलकेच टकटक केली, योग्य पाना लावला, केसभर आवळला, केसभर सोडला, पुन्हा तेल. अर्ध्या तासाने बोल्ट अख्खा बाहेर आला, गाजरासारखा लाल.

त्याने तो म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवला, हात पुसले आणि खुंटीवरचा शर्ट काढला. “येतो काका. चुकलं असेल तर माफ करा.”

म्हातारा बोल्ट उलटसुलट निरखत होता. मग त्याने खिडकीतली बरणी उचलली आणि पाणी मोरीत ओतून दिलं.

“मिठाचं आहे,” तो म्हणाला. “तीन महिने रोज थोडं थोडं पाजलं, तेव्हा कुठे असा धरला.”

त्याने अख्खा बोल्ट त्या दोन तुटक्या डोक्यांशेजारी मांडला.

“हे थोरलीच्या वेळचं, हे मधलीच्या. तुमचे दोन्ही साडू शेवटपर्यंत ‘हो काका’ म्हणत उभे होते.”