वापरात आल्याची तारीख

"किती वर्षं झाली म्हणालात?" दुरुस्तीवाल्या बाईंनी लॅपटॉप पालथा घालत विचारलं.

"दोन," मुलगा पटकन म्हणाला.

"दोन वर्षं एक महिना," शेजारच्या स्टुलावर बसलेल्या बाबांनी चूक सुधारली. "मागे चिठ्ठी आहे, बघा."

चिठ्ठी होतीच. पांढऱ्या चिकटपट्टीवर, बाबांच्या टपोऱ्या अक्षरात, लाल शाईनं लिहिलेली वापरात आल्याची तारीख. बाबांनी एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचंच स्टोअर करून टाकलं. आत्याकडून आलेल्या कपाटावर लाल अक्षरं, मिक्सरवर निळी, भिंतीवरच्या घड्याळावर निळी. तारखेतून कोणाची सुटका नव्हती. "एक दिवस माझ्याही पाठीवर चिकटवतील," असं आई म्हणायची.

लॅपटॉपवरची चिठ्ठी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मुलाला वाटलं होतं, बाबांनी कौतुकानं अगदी ठळक लिहिलंय. आणि त्यानं पटकन विषय बदलला होता. कारण लॅपटॉप नवा नव्हताच.

बढती मिळाली तेव्हा त्यानं बाबांना नवा कोरा लॅपटॉप कबूल केला होता. त्याच महिन्यात स्वतःसाठी भारीतला फोन घेतला आणि मग हात आखडला. ऑफिसनं सहा वर्षं पिदडून मोडीत काढलेले लॅपटॉप कोपऱ्यात पडले होते. त्यातला एक त्यानं मागून घेतला, घासूनपुसून चकचकीत केला आणि एका सहकाऱ्याच्या नव्या लॅपटॉपच्या रिकाम्या खोक्यात घातला. बाबांनी चष्मा लावून आधी खोकं उलटसुलट पाहिलं, मग लॅपटॉप उलटसुलट पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "छान आहे रे. पेन दे."

तेव्हापासून रोज सकाळी सोसायटीच्या वाचनालयाची यादी त्यावर चढायची. बाराशे पुस्तकं झाली होती. परवा सकाळी पडदा काळा झाला तो झालाच.

बाई एकेक स्क्रू काढून बशीत ठेवत होत्या. मुलाचा जीव टांगणीला लागला होता. आत बॅटरीवर वर्ष छापलेलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकटाच घेऊन येतो म्हणून त्यानं खूप आढेवेढे घेतले होते, पण बाबा चपला घालून दारात तयार.

"एरवी किती टिकतो हो लॅपटॉप?" बाबांनी विचारलं.

"नीट वापरला तर पाच-सहा वर्षं. एखादा आठही काढतो. त्याला मारतात ती उष्णता आणि धूळ. गादीवर ठेवला की हवा कोंडते. सतत चार्जिंगला लावून ठेवला की बॅटरी लवकर जाते."

"म्हणजे माझंच चुकलं," बाबा म्हणाले. "मी चार्जर काढायचा विसरायचो."

बाईंनी मागचं झाकण उचललं. "काका, पंखा बघा तुमचा. इतका स्वच्छ पंखा माझ्याकडे कधी येत नाही."

"एकदा चहा सांडला होता," बाबा घाईनं म्हणाले.

"डाग तर कुठे दिसत नाही."

"थोडासाच सांडला होता."

मुलगा टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. वडील परक्या बाईसमोर गुन्हे कबूल करत होते आणि गुन्हेगार शेजारी उभा होता.

बाईंनी बॅटरी बाहेर काढली. ती चांगलीच फुगली होती. तिच्यावरचं बारीक छापील वाचता वाचता त्या थांबल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"काका, हा लॅपटॉप..."

"दुरुस्त होईल की नाही, तेवढंच सांगा बाई," बाबांनी त्यांना मध्येच तोडलं. "पोरानं हौसेनं नवा आणून दिला होता. मला सांभाळता आला नाही."

बाईंनी बॅटरी पालथी ठेवली आणि आतले बाकीचे भाग तपासले. "नाही होणार," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आतली माहिती शाबूत आहे. ती काढून देते."

घरी जाताना बाबा हळू चालत होते. "रागावला नाहीस ना?" कोपऱ्यावर त्यांनी विचारलं.

आता सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले, पण तो "छे हो बाबा. यंत्रच ते," एवढंच म्हणाला. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. लबाडी आपण केली, आणि माफी बाबा मागताहेत.

पुढच्या रविवारी तो खरोखरच नवा लॅपटॉप घेऊन आला. दुकानातून थेट घरी, खोक्याचं सीलही न फोडता. वाटेत त्यानं एक वाक्य पाठ केलं होतं: "बाबा, तो पहिला लॅपटॉप मी तुम्हाला फसवून दिला होता." आज काही झालं तरी बोलायचंच.

बाबांनी चष्मा लावला. खोक्यावरच्या नंबरावर बोट ठेवलं. लॅपटॉप बाहेर काढला, पालथा घातला, तिथल्या नंबरावर बोट ठेवलं. पुन्हा खोकं पाहिलं.

"जुळतोय," ते स्वतःशीच म्हणाले.

आईनं चिकटपट्टी आणून दिली. बाबांनी एक तुकडा कापून लॅपटॉपच्या पाठीवर नीट बसवला.

"पेन दे रे."

वाक्य अजून मुलाच्या तोंडातच होतं. त्यानं टेबलावरच्या पेल्यातलं लाल पेन उचललं, टोपण काढलं आणि पुढे केलं.

"लाल नको, निळं दे," बाबा मान वर न करता म्हणाले. "लाल वापरून आलेल्या मालाला."