एका वाक्याची भूमिका

शशिकलाबाईंनी तरुणपणी एका मराठी सिनेमात पाणी देणाऱ्या मुलीचं काम केलं होतं, वाक्य एकच. पण सिनेमा त्यांना पाहायलाच मिळाला नव्हता. त्या चेन्नईला मुलाकडे, पुष्करकडे आल्या, तेव्हा त्याने टीव्हीवर तो शोधायला घेतला. एकेक अक्षर दाबून त्याचा अंगठा दुखला; नाव बोलून सांगितलं, तर भलतेच सिनेमे आले. "राहू दे रे," त्या म्हणाल्या. तेवढ्यात शेजारच्या तंजावरी मराठी तुळसीबाई आल्या. त्यांनी सिनेमाची गोष्ट ऐकून तीच रिमोटला तमिळमध्ये सांगितली. लगेच ओळखीची नायिका झळकली. सिनेमा तमिळमध्ये डब होऊन वेगळ्याच नावाने नांदत होता. परकर-पोलक्यातली शशिकला तांब्या घेऊन पडद्यावर आली. खणखणीत आवाजात तिने पाणी हवं का विचारलं, "तण्णी वेणुमा?" "अगं बाई, मी तमिळ बोलते!" शशिकलाबाई टाळ्या पिटत ओरडल्या. "वेणुम, अक्का! हवंय ना!" म्हणत तुळसीबाईंनी ओंजळ पुढे केली.