चौथा भिडू

"ह्यांना कधी पाहिलंय का हो तुम्ही?" बाईंनी पत्त्यांच्या मधोमध फोटो ठेवला.

तोही ऐन डावात. बागेतल्या छपराखाली, सिमेंटच्या टेबलाभोवती तीन म्हातारे बसले होते, आणि त्यांच्यातल्या थापाड्याच्या हातात त्या दिवशी पहिल्यांदाच बरी पानं आली होती. तिघांनी चष्मे सावरत फोटो पाहिला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्याला घट्ट मफलर, चेहरा गरीब. तिघांपैकी कुणीही ह्या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं.

"माझे मिस्टर. रोज संध्याकाळी ह्याच बागेत फिरायला यायचे," बाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात गेले. माळ्याला विचारलं, फाटकावरच्या वॉचमनला विचारलं, कुणालाच आठवत नाहीत. इतकी वर्षं माणूस येत होता, आणि एकाच्याही लक्षात राहू नये?"

शेवटी शेवटी त्यांचा आवाज कापायला लागला. ज्यांचे विद्यार्थीही आता पेन्शनीत निघाले होते, त्या मास्तरांनी आयुष्यभर खरं बोलायला शिकवलं होतं. ते 'नाही' म्हणायला तोंड उघडतात तोच थापाड्याने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"आठवत नाहीत म्हणजे काय? अहो वहिनी, हा आमचा चौथा भिडू!"

थापाड्याला हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. बाहेर पाऊस पडतोय असं तो म्हणाला, तरी त्याची बायको खिडकीतून हात बाहेर काढून बघायची. बाईंनी मात्र मान वर केली, आणि मग त्याला आवरणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

"आणि हा मफलर! उन्हाळा असो, काही असो, कधी काढला नाही. आम्ही किती चिडवायचो! पण खरंच आहे म्हणा, गाणाऱ्या माणसाने गळा जपायला नको?"

"गाणाऱ्या?" बाईंनी विचारलं.

"काय आवाज, वहिनी!" आता शिंप्यालाही चेव आला. जन्मभर लोकांची मापं घेतलेला माणूस, पण एकदा बोलायला लागला की कशालाच माप राहायचं नाही. "पान टाकायचे तेही तान घेऊन. हरले की भांडायचे, तेसुद्धा सुरात!"

बाई आळीपाळीने दोघांकडे बघत राहिल्या. डोळे भरले होते. मग एकदम तोंडाला रुमाल लावून त्या हसल्या. महिन्याभरात पहिल्यांदाच हसल्या असाव्यात, कारण हसू आल्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलेलं दिसलं. फोटो पर्समध्ये ठेवून त्या चौथ्या रिकाम्या जागेवर बसल्या.

"आणखी सांगा ना."

दुसऱ्या दिवशी बाई थर्मासभर चहा घेऊन हजर झाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पानं हातात घेतली. चौथा नाही म्हणून आजवर गुलामचोर खेळत बसलेल्या तिघांना आता जोडीचा डाव मांडता येऊ लागला. बाई पटकन शिकल्या आणि त्याहून पटकन लबाडी शिकल्या. थर्मासच्या झाकणाखाली बदामाची राणी लपवताना मास्तरांनी त्यांना दोनदा पकडलं. वर पुन्हा प्रत्येक डावाला त्यांना एक आठवण लागायची. त्यामुळे मफलरवाला रोज वाढत चालला. तो वॉचमनशी हुज्जत घालायचा, कोकिळेच्या चुका काढायचा, आणि त्याचं गाणं ऐकायला पोरं झोपाळे सोडून धावत यायची. एकदा तर घोटाळाच झाला. शिंपी म्हणाला, आवाज कसा भारदस्त होता, आणि त्याच वेळी थापाड्या म्हणाला, कसा पातळ नि गोड. दोघे एकमेकांकडे बघतच राहिले.

"सर्दी झाली असेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं पान टाकलं.

मास्तरांच्या घशाखाली मात्र तो चहा उतरेना. एका भल्या बाईला आपण तिघे मिळून फसवतोय, आणि उद्या खरं कळलं की तिचा नवरा तिच्यासाठी दुसऱ्यांदा मरणार, हे त्यांना खात होतं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी हातातली पानं खाली ठेवली.

"वहिनी, मी हात जोडतो. तुमच्या मिस्टरांना आम्ही कधी पाहिलेलंसुद्धा नाही. हे सगळं खोटं आहे."

थापाड्या छपराकडे बघू लागला. शिंपी सदऱ्याची बटणं तपासू लागला. बाईंनी शांतपणे हुकमाचं पान टाकलं आणि जिंकलेला हात ओढून घेतला.

"माहीत आहे मला, भाऊजी. पहिल्या दिवसापासून."

थापाड्याचा चेहरा पार उतरला. बायको सोडली तर त्याची थाप इतक्या लवकर आजवर कुणी पकडली नव्हती. "कशावरून?" त्याने जरा रागानेच विचारलं.

बाईंनी आधी मास्तरांच्या कपात चहा ओतला, मग आपल्या.

"घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला त्यांचा. मफलर ती जखम झाकायला होता. शेवटची कितीतरी वर्षं त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. घरात आम्ही दोघं, आणि आवाज फक्त माझा." त्यांनी पानं पिसून थापाड्यापुढे ठेवली. "इथे तुमच्याकडे ते छान गातात, भाऊजी. गाऊ द्या त्यांना."